कोठार आणि कवायत

सन १८२६ मध्ये अमेरिकी सैन्याचे महानिरीक्षक कर्नल जॉर्ज क्रोघन मिसुरी नदीकाठच्या फोर्ट ॲटकिन्सन या ठाण्याची पाहणी करण्यास गेले. प्रजासत्ताक अमेरिकेचे हे त्या वेळी पश्चिमेकडचे टोकाचे ठाणे होते. सेंट लुईसहून उलट्या प्रवाहाने हजारावर किलोमीटर गेल्यावर ते लागे. तेथे त्यांना शेकडो एकरांवरचा मका, गुरांचे कळप, पिठाची चक्की आणि भरलेली कोठारे दिसली. क्रोघन प्रसन्न झाले नाहीत. शिपाई शेतीत तरबेज झाला आणि शिपाईगिरी विसरला, असा त्यांच्या अहवालाचा रोख होता. एवढा मका कशासाठी, तर गुरांना घालण्यासाठी. आणि एवढी गुरे कशासाठी, तर मका खाण्यासाठी, अशी बोचरी थट्टाही त्यांनी केली.

साधनाने साध्याची जागा बळकावली, असे आपणही चटकन म्हणून जाऊ. परंतु निवाडा देण्यापूर्वी आणखी सात वर्षे मागे गेले पाहिजे.

सन १८१९ च्या शरद ऋतूत कर्नल हेन्री ॲटकिन्सन हजाराहून अधिक सैनिकांसह या ठिकाणी पोहोचले. मोहीम आणखी वर, यलोस्टोन नदीपर्यंत जायची होती. पण कंत्राटदाराच्या आगबोटी वाटेतच निकामी ठरल्या, रसद रखडली, आणि नदीकाठीच हिवाळा काढणे भाग पडले. खाण्यास खारवलेले मांस आणि पीठ. ताजी भाजी नाही. मग स्कर्व्हीने गाठले: हिरड्या सुजून काळ्या पडल्या, दात हलू लागले, जुन्या जखमा पुन्हा उघडल्या. वसंतात रानभाज्या उगवेपर्यंत शंभराहून अधिक शिपाई मातीआड गेले होते. एकाही शत्रूची गोळी त्यांना लागली नव्हती.

या मरणांत अज्ञानाची सबब चालत नाही. लिंबाच्या रसाचा गुण जेम्स लिंड यांनी १७५३ मध्येच ग्रंथरूपाने मांडला होता, आणि ब्रिटिश नौदलाने तो १७९५ पासून अमलात आणला होता. एवढेच काय, प्रत्येक कायम ठाण्याने भाजीपाला पिकवावा असा अमेरिकी सैन्याचा स्वतःचाच हुकूम १८१८ मध्ये निघाला होता. ज्ञान होते, हुकूमही होता. हिवाळ्यापूर्वी पोहोचली नाही ती भाजी. मग दोषी कोण? कंत्राटदार, राजधानीतले मंत्री, की उशिरा निघालेली मोहीम पुढे रेटणारा सेनापती? दोष इतक्या जणांत वाटला गेला, की कोणाच्याच वाट्याला पुरेसा आला नाही.

त्यानंतरची शेती या थडग्यांच्या शेजारी उभी राहिली, हे विसरून चालणार नाही. पुढे या ठाण्याचे प्रमुख झालेले कर्नल हेन्री लेव्हनवर्थ त्याच हिवाळ्यात मिसिसिपीच्या वरच्या अंगाला दुसऱ्या छावणीत होते, आणि तेथेही स्कर्व्हीने माणसे नेली होती. अशा अधिकाऱ्याच्या हाती नांगर आला, तर तो लवकर खाली ठेवणार नाही. हाताखालच्या माणसाला जिवंत ठेवणे हे त्याच्याकडून लढाईचे काम घेण्याआधीचे कर्तव्य आहे, असे आम्ही मानतो. आणि येथवर आमचा कौल क्रोघन यांच्या विरुद्ध जातो.

पण पुढे मात्र नाही. स्कर्व्ही टाळण्यास भाजीचा मळा पुरतो. त्यासाठी गुरांचे कळप लागत नाहीत. मळ्याचे शेत झाले ते काटकसरीपायी. सीमेवरच्या ठाण्यांनी धान्य आणि जनावरेही स्वतःची करावीत, म्हणजे सरकारचा वाहतूक-खर्च वाचेल, ही युद्धमंत्री जॉन कॅल्हून यांच्या खात्याची अपेक्षा होती. खर्च वाचत होता तो कोणाच्या अंगमेहनतीतून? महिना पाच डॉलरांवर बंदूक उचलण्याचा करार करून आलेल्या शिपायाच्या. तो करार नांगराचा नव्हता. त्याला ना शेतमजुराप्रमाणे काम सोडून जाण्याची मुभा, ना शेतकऱ्याप्रमाणे पिकावर हक्क. पळाला तर तो फितूर. (आणि ज्या जमिनीवर हे पीक उभे होते, ती आधी कोणाची, हा प्रश्न निरीक्षकालाही सुचला नाही. याच टेकाडावर १८०४ मध्ये लुईस आणि क्लार्क यांनी ओटो व मिसुरी जमातींच्या प्रमुखांशी बोलणी केली होती.)

जीव वाचवण्यासाठी सुरू झालेले काम बचतीसाठी केव्हा चालू लागले, ती तारीख कोणत्याच वहीत नोंदलेली नसते. दोन्ही दिवसांचे काम तेच, कुदळ तीच, हुकूम देणारा आवाजही तोच. ‘आता पुरे’ असे म्हणण्याचा अधिकार त्या दूरच्या ठाण्यात एकट्या प्रमुखाला होता, आणि भरलेले कोठार पाहून ते म्हणावेसे वाटणे सर्वांत कठीण. शिपायाला ते केव्हाच वाटले असेल. पण त्याला विचारण्याची पद्धत नव्हती.

क्रोघन यांच्या पाहणीनंतरच्या वर्षी, १८२७ मध्ये, ठाणे उठवण्यात आले आणि नदीच्या खालच्या अंगाला नवे ठाणे वसले. त्याला लेव्हनवर्थ यांचेच नाव मिळाले. शेते मागे राहिली, आणि १८२० च्या हिवाळ्यातली थडगीही.