राहून गेलेली नोंद

शासकीय सेवेत आम्ही नवखे असताना कार्यालयातील बडेबाबूंनी आम्हाला एक नियम शिकवला होता. नोंदवहीत चूक झाली तर ती खरवडायची नाही. चुकीच्या शब्दावर एकच आडवी रेघ मारायची, वर योग्य शब्द लिहायचा, बाजूला आद्याक्षरी आणि दिनांक घालायचा. रेघेखालचे मूळ अक्षर वाचता आले पाहिजे. त्या काळी हा नियम आम्हाला केवळ कारकुनी शिस्तीचा वाटला. त्यात एक नैतिक विचारही दडलेला आहे, हे कळायला पुढे पस्तीस वर्षे जावी लागली.

सुमारे १९८८ साली आम्ही शेजारच्या जिल्ह्यात एका कार्यालयात होतो. तेथे एक निवृत्त हवालदार अर्ज घेऊन आले. १९६५ आणि १९७१ या दोन्ही युद्धांच्या काळात त्यांनी सेवा केली होती. सेवामुक्तीच्या पुस्तिकेत १९६५ च्या पदकाची नोंद होती. १९७१ चे ‘संग्राम पदक’ आणि ‘पश्चिमी स्टार’ मात्र कोठेच नव्हते. पलटणीच्या अभिलेख कार्यालयाकडे दुरुस्तीची मागणी पाठवण्यासाठी त्यांना आमच्याकडून नावाच्या ओळखीचे प्रमाणपत्र हवे होते. त्यांच्या आडनावात ‘ळ’ होता. शाळेच्या दाखल्यावर, जो जुन्या मध्यप्रदेशातील मराठी शाळेचा होता, तो ‘ळ’ शाबूत होता. पुढच्या हिंदी कागदांत त्याचा ‘ल’ झाला होता, आणि सैन्याच्या इंग्रजी कागदांत तर दोन्हींना एकच अक्षर. शिवाय आपल्याकडे स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा जो क्रम असतो, त्यातले मधले नाव भरतीच्या वेळी कोणीतरी गाळले होते. आम्ही शेरा मारला : ‘नावात तफावत, प्रतिज्ञापत्र जोडावे.’ प्रतिज्ञापत्र आले, तेव्हा त्यावर साक्षीदाराची सही अपुरी निघाली. तिसऱ्यांदा ते आले नाहीत.

आमचा शेरा नियमाला धरून होता. म्हणूनच तो अनेक वर्षे आम्हाला टोचला नाही.

आपल्या बृहन्महाराष्ट्रातील घरांत या ‘ळ’ची कथा कोणाला ठाऊक नाही? १९५६ पर्यंत या प्रांतात हिंदी आणि मराठी दोन्ही राजभाषा होत्या. राज्यपुनर्रचनेत नागपूर-भंडारा तिकडे गेले, बालाघाट इकडे राहिले आणि आमची आडनावे दप्तरात थोडी थोडी बदलत गेली. व्यवहार अडत नाही तोवर आपण हसून सोडून देतो. अडतो तेव्हा कळते की शासनाच्या लेखी माणूस म्हणजे त्याचा कागदच असतो.

येथे पहिला आक्षेप येतो, आणि तो आपल्याच परंपरेतून येतो. कर्म करावे, फळाची आशा धरू नये, असे आपण लहानपणापासून ऐकले. मग सीमेवर उभा राहिलेला शिपाई म्हातारपणी पदकासाठी अर्ज का करतो? त्याने मागितले तर त्याच्या सेवेचे मोल उणावत नाही काय? आम्हाला वाटते, येथे एक गफलत होते. निष्कामतेचा उपदेश कर्त्यासाठी आहे. देणेकऱ्यासाठी ती सवलत नव्हे. शेतमजुराने मजुरीचा लोभ धरू नये असे कोणी सांगितले, म्हणून मालकाने मजुरी बुडवावी असा अर्थ होत नाही. ज्याच्यावर देणे आहे त्यानेच समोरच्याला वैराग्य शिकवावे, यासारखा दांभिकपणा दुसरा नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. जुनी प्रकरणे अशी उघडत राहिलो, तर सन्मानाला काही अंत राहील काय? या प्रश्नाचे उत्तर देताना दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात. शौर्याचे पदक हा निर्णय असतो. कोणीतरी पाहिलेले, तोललेले आणि ठरवलेले. मोहिमेचे पदक हे विधान असते : अमुक मनुष्य अमुक काळात अमुक प्रदेशात सेवेत होता. पहिले देण्यात विवेक लागतो, दुसरे देण्यात केवळ सत्य लागते. हवालदारांची मागणी दुसऱ्या प्रकारची होती. ते कृपा मागत नव्हते. शासनाने स्वतःविषयीचे एक अपुरे विधान पूर्ण करावे, एवढेच सांगत होते.

निर्णयाचे पुनर्विलोकन मात्र क्वचितच व्हावे, आणि तेही सबळ कारणानेच. पुरावाच दूषित असेल तर ते व्हावे. १९९९ च्या कारगिल युद्धात बटालिक भागात ब्रिगेडचे नेतृत्व करणारे ब्रिगेडियर देविंदर सिंग यांच्या कामगिरीचे मूल्यमापन पक्षपाती झाले, असा निष्कर्ष सशस्त्र दल न्यायाधिकरणाने २०१० साली काढला होता. कसोटीच एखाद्या वर्गाला वगळणारी असेल, तरीही ते व्हावे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या एकाही कृष्णवर्णीय सैनिकाला त्या देशाचे सर्वोच्च शौर्यपदक मिळाले नव्हते. १९९३ साली अभ्यास सुरू झाला आणि जानेवारी १९९७ मध्ये सात जणांना ते दिले गेले. सातांपैकी व्हर्नन बेकर हे एकटेच तेव्हा हयात होते.

आपल्या सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर यांचे उदाहरणही याच जातीचे. सैन्यातील हा मुष्टियोद्धा १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अपंग झाला. १९७२ साली हायडेलबर्ग येथील पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी ५० मीटर पोहण्यात विश्वविक्रमासह भारताला पहिले वैयक्तिक सुवर्णपदक मिळवून दिले. पद्मश्री आली २०१८ साली. अर्जुन पुरस्कार हाती पडला जानेवारी २०२५ मध्ये. अर्धशतकाहून अधिक काळ! ते हयात होते हे आपले भाग्य. त्यात व्यवस्थेचे कर्तृत्व नाही.

आणि जे हयात नाहीत त्यांचे काय? पहिल्या महायुद्धात कुत-अल-अमाराच्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या मराठ्यांच्या पलटणी होत्या. एप्रिल १९१६ मध्ये ते ठाणे पडले. मेसोपोटेमियात मेलेल्यांसाठी १९२९ साली बसऱ्याला स्मारक झाले. त्यावर ब्रिटिश सैनिकांची नावे कोरली गेली, हिंदी अधिकाऱ्यांचीही. हिंदी शिपायांची मात्र पलटणवार केवळ संख्या. युद्धस्मारकांची देखभाल करणाऱ्या राष्ट्रकुल आयोगाने २०२१ साली या विषम वागणुकीचा अहवाल प्रसिद्ध करून क्षमा मागितली. किमान १,१६,००० मृतांची नावानिशी नोंदच झाली नव्हती, असे त्यात म्हटले आहे. शंभर वर्षांनंतरच्या क्षमेने कोणाचे पोट भरत नाही हे खरे. पण माणसाच्या जागी आकडा लिहिणे ही चूक होती, एवढे तरी आता लेखी आहे.

पुरावा कोणी आणायचा, हा उरलेला प्रश्न. १२ जुलै १९७३ रोजी अमेरिकेत सेंट लुईस येथील अभिलेखागाराला आग लागून १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख सैनिकी नस्ती जळाल्या. तेथील अधिकाऱ्यांनी सैनिकांना हात हलवीत परत पाठवले नाही. वेतनपत्रके, रुग्णालयाच्या नोंदी अशा इतर कागदांतून ते सेवेचा माग काढू लागले. दप्तर ज्याच्या ताब्यात, शोधण्याचा भारही प्रथम त्याचा, हे तत्त्व आम्हाला न्याय्य वाटते. आमच्या कार्यालयातही जुने दाखलखारीज रजिस्टर होते. ते मागवून पाहायला आम्हाला एक दुपार लागली असती. आम्ही ती दुपार हवालदारांच्या अनेक खेपांपेक्षा मौल्यवान मानली.

सेवानिवृत्तीनंतर आम्ही हट्ट्याला स्थिरावलो. एके दिवशी बावडीकडच्या वस्तीतला एक तरुण अर्ज लिहून घ्यायला आला. आजोबा वारले होते. आजी आपल्या लेकीकडे, म्हणजे त्याच्या घरी, राहत होती. त्याने पिशवीतून जुने कागद काढले. वरच्याच कागदावर आमची सही होती.

अर्ज आम्ही लिहिला, जुने दाखले मिळवले, स्मरणपत्रे पाठवली. सव्वा वर्षाने दुरुस्त नोंदीची प्रत आणि दोन पदके आली. पदकाच्या कडेवर नाव कोरलेले असते. आजीला इंग्रजी येत नव्हते. तिने ते आमच्याकडून दोनदा वाचून घेतले. ‘ळ’ तेथेही नव्हताच, पण वाचताना आम्ही तो उच्चारला. मग आम्ही तिला सांगितले, त्या वेळी कागद परत करणारे आम्हीच. ती काही वेळ बोलली नाही. नंतर म्हणाली, “ते तुमची वाट पाहत नव्हते साहेब, कागदाची पाहत होते.”

या वाक्यात क्षमा आहे की दोषारोप, हे आम्हाला अजून ठरवता आलेले नाही. विचारण्याचा धीरही झाला नाही.

त्या नातवाने मध्यंतरी विचारले, जुने कागद आता फाडून टाकू काय? काम तर झाले. आम्ही नको म्हटले. नवी नोंद वर राहू दे. तिच्याखाली आमचा शेरा, आमची सही आणि तो दिनांक वाचता आला पाहिजे. बडेबाबूंनी सांगितलेला नियम तोच होता.