उत्तर आणि रीत

वर्गातल्या तीस वह्यांत एका गणिताचे एकच उत्तर आले, तर शिक्षकाने समाधान मानावे की शंका घ्यावी? तीसही मुलांनी आपापल्या डोक्याने गणित सोडवले असेल. किंवा एकाने सोडवले आणि एकोणतिसांनी उतरवून घेतले असेल. नुसत्या उत्तरावरून यातले काय घडले ते कळत नाही. त्यासाठी रीत तपासावी लागते.

'शास्त्रज्ञांचे यावर एकमत आहे' हे वाक्य ऐकले की मला या वह्या आठवतात. करोनाच्या साथीपासून हे वाक्य शिरूरच्या एस.टी. स्थानकावर आणि दौंडच्या फलाटावरही ऐकू येऊ लागले. रोग वटवाघळापासून आला की वुहानच्या प्रयोगशाळेतून निसटला, हा विषय निघाला की एकजण म्हणतो, "एवढे मोठे शास्त्रज्ञ सांगतात, ते काय खोटे?" दुसरा म्हणतो, "अहो, ते सगळे एकमेकांचेच!" पहिला डोकी मोजून विश्वास ठेवतो, दुसरा तीच डोकी मोजून संशय घेतो. रीत दोघेही विचारत नाहीत.

आम्हांला एकमताची ओळख आहे ती सभांमधून. साखर कारखान्याच्या वार्षिक सभेत विषय वाचून होतो न होतो तोच मागून 'मंजूर, मंजूर' असा गजर होतो, आणि इतिवृत्तात 'ठराव एकमताने मंजूर' अशी नोंद पडते. विज्ञानातले एकमत असे नसते, निदान नसावे. आक्षेप घेणाऱ्याला पुरेपूर वाव दिल्यावर, त्याने घेतलेले आक्षेप तपासून झाल्यावर जे उरते, ते खरे एकमत.

याचा धडा आपल्याच मुलखात एकदा घडून गेला आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. पुढच्या वर्षी तो पुण्यात पसरला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीच्या रोगांचा कायदा झाला, आणि रँडच्या अमदानीत गोरे सोजीर घराघरांत शिरले. माणसांना विलगीकरणाच्या छावण्यांत नेले, सामानसुमान जाळले. प्लेगचा जंतू १८९४ मध्येच सापडला होता. पण तो माणसापर्यंत पोहोचतो कसा, हे ठरलेले नव्हते. दूषित घरांतून, जमिनीतून, कपड्यालत्त्यांतून तो येतो असा समज प्रबळ होता. त्या समजावर बळजबरीची सगळी इमारत उभी होती.

१८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने कराचीत प्रयोग करून दाखवले की मेलेल्या उंदरावरची पिसू हा रोग दुसऱ्या उंदराला देते. सरकारने नेमलेल्या प्लेग आयोगाने गावोगाव साक्षी घेतल्या, जाडजूड अहवाल लिहिला आणि सिमाँचे म्हणणे बाजूला सारले. विद्वानांचे एकमत सिमाँच्या विरुद्ध होते.

ते बदलले कसे? सिमाँच्या बाजूने माणसे ओरडू लागली म्हणून नव्हे. १९०५ पासून दुसऱ्या आयोगाने मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत नव्याने काम सुरू केले. प्लेगच्या पिसवा असलेल्या जागी गिनीपिगांचे पिंजरे टांगले. जमिनीपासून दोन इंचांवरच्या प्राण्यांना रोग झाला. दोन फुटांवरचे वाचले. हवा दोघांनाही एकच होती. फरक होता तो पिसवेच्या उडीचा. हा प्रयोग शंकेखोराने स्वतः करून पाहावा असा होता. त्यानंतर जे एकमत झाले ते आजवर टिकले आहे.

यावरून, 'शास्त्रज्ञ तेव्हा चुकले, मग आज त्यांचे का ऐकावे?' असा निष्कर्ष काढणे सोपे आहे, पण खोटे आहे. ती चूक पकडली कोणी? शास्त्रज्ञांनीच, अधिक चांगल्या रीतीने. एकटा पडलेला प्रत्येक माणूस सिमाँ नसतो. त्याचे एकटेपण हा त्याचा पुरावा नव्हता. काचेच्या भांड्यातले उंदीर हा पुरावा होता.

करोनाच्या उगमाकडे याच नजरेने पाहावे. १९ फेब्रुवारी २०२० रोजी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात सत्तावीस शास्त्रज्ञांनी पत्र लिहून, विषाणूचा उगम नैसर्गिक नाही असे सुचवणाऱ्या कटाच्या कल्पनांचा निषेध केला. तेव्हा साथ जगाला कळून दोन महिनेही झाले नव्हते. सही करणाऱ्यांपैकी एकाचे वुहानच्या संस्थेशी असलेले संबंध नियतकालिकाला जून २०२१ मध्ये पुरवणी छापून नोंदवावे लागले. सत्तावीस वह्या होत्या, पण रीत अजून मांडायची होती.

त्याच वर्षी पुण्यातल्या दोन संशोधकांनी एक जुना कागद पुढे आणला. आघारकर संशोधन संस्थेच्या डॉ. मोनाली रहाळकर आणि बाएफचे डॉ. राहुल बहुलीकर हे ते पतिपत्नी. दौंडहून पुण्याला जाताना उरुळी कांचन लागते. बाएफचे काम तिथेच १९६७ मध्ये सुरू झाले. चीनमधल्या मोजियांगच्या खाणीत २०१२ मध्ये वटवाघळांची विष्ठा साफ करणारे सहा मजूर न्यूमोनियाने आजारी पडले आणि तिघे मेले, याकडे त्यांनी ऑक्टोबर २०२० च्या निबंधात लक्ष वेधले. करोनाशी सुमारे ९६ टक्के जुळणारा विषाणू त्याच खाणीतला होता. वुहानच्या संस्थेने नोव्हेंबरात आपल्या मूळ निबंधाला जोड देऊन मजुरांचा उल्लेख केला.

याने प्रयोगशाळेचा दोष सिद्ध झाला काय? नाही. उरलेल्या चार टक्क्यांत हजाराहून अधिक अक्षरांचा फरक आणि उत्क्रांतीची कित्येक वर्षे येतात. उलट, सुरुवातीचे रुग्ण वुहानच्या हुआनान बाजाराभोवती दाटले होते हे दाखवणारे निबंध २०२२ मध्ये आले. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्लागार गटाने जून २०२५ मध्ये सांगितले की उपलब्ध पुराव्याचा कल प्राण्यांपासून संसर्ग झाल्याकडे आहे. पण चीनकडून मागितलेली माहिती मिळालेली नाही, तोवर प्रयोगशाळेची शक्यता वगळता येत नाही. या उत्तरात रीत दिसते, आणि वहीतले कोरे पानही दिसते.

मग सामान्य माणसाने काय करावे? जिथे थांबणे परवडत नाही, तिथे जाणत्यांचा जो कल असेल त्याप्रमाणे वागावे; घर जळत असताना पाण्याची चिकित्सा करीत नाहीत. लस घ्यावी की नाही हा प्रश्न तसा होता. उगमाचा प्रश्न तसा नाही. तिथे घाईने एकमत करून कोणाचाही जीव वाचत नाही. फक्त प्रश्न विचारणारा वेडा ठरतो. पुढची साथ मात्र त्या उत्तरावर अवलंबून आहे: पहारा बाजारावर ठेवायचा की प्रयोगशाळेवर, की दोन्हींवर.

१८९७ चाच कायदा मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात पुन्हा लागू झाला. त्या कायद्याखाली घरात बसलेल्या, आणि पुढे आपले माणूस गमावलेल्या कुटुंबांना 'हे कुठून आले?' असे विचारण्याचा अधिकार आहे. त्यांना 'आमचे एकमत आहे' एवढेच सांगणे अपुरे आहे, आणि 'सगळे विकले गेले आहेत' हे सांगणे त्याहून वाईट आहे. इथवर कळले, याच्यावरून कळले, पुढचे अजून कळलेले नाही, असे त्यांना सांगितले पाहिजे. शाळेत अर्धे सोडवलेले गणित नीट मांडणाऱ्या मुलाला आम्ही गुण देतो. नुसते उत्तर लिहिणाऱ्याला, ते बरोबर असले तरी, पुन्हा फळ्यापाशी बोलावतो.