कोसळू पाहणारी भिंत



सूरह कहफमधील आदरणीय मूसा (अ.) आणि खिज्र (अ.) यांच्या प्रवासाची हकिकत आपण अनेकदा वाचली असेल. दोघे एका वस्तीत भुकेले पोहोचले. वस्तीने त्यांना अन्न नाकारले. तेथेच एक भिंत कोसळण्याच्या बेतात होती. खिज्र (अ.) यांनी ती मोबदल्याविना उभी केली. मूसा (अ.) यांना नवल वाटले. पुढे उलगडा झाला की ती भिंत दोन अनाथ मुलांची होती. तिच्याखाली त्यांचा ठेवा होता आणि ती मुले मोठी होईपर्यंत तो सुरक्षित राहावा, ही अल्लाहची इच्छा होती.

आता आपल्या परिसराकडे पाहा. इंदापूर तालुक्यातील लोणी देवकर हे पुणे-सोलापूर महामार्गावरचे, औद्योगिक वसाहतीचे गाव. अशा गावांत ज्याची ऐपत आहे तो आपले मूल खासगी शाळेच्या बसमध्ये बसवतो. शेतमजुराचे आणि कामगाराचे मूल मात्र जिल्हा परिषदेच्या शाळेत जाते. तेथले शिक्षण हाच त्याचा ठेवा. त्यावरचे छप्परच खचले तर काय होते, हे ऑगस्ट २०१७ मध्ये अहमदनगर जिल्ह्यातील निंबोडीने पाहिले. भर पावसात शाळेची इमारत कोसळून तीन विद्यार्थी दगावले. जुलै २०२५ मध्ये राजस्थानातील झालावाड जिल्ह्यात अशाच दुर्घटनेत सात मुले गेली.

तुम्ही म्हणाल, ‘शाळा सरकारची आहे, आपण कर भरतो, मग दुरुस्तीसाठी आपण का द्यावे?’ आक्षेप रास्त आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सर्व ऋतूंत टिकणारी इमारत हा शाळेचा निकष ठरवला आहे. ती जबाबदारी सरकारची अमानत आहे आणि अमानतीचा जाब विचारणे हेही कर्तव्य आहे. याच कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि शाळेचा विकास आराखडा ही समितीच तयार करते. त्या बैठकीला आपल्यापैकी किती जण जातात? ग्रामसभेत खचलेल्या वर्गखोलीचा ठराव कोण मांडतो? २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार ठरावीक नफ्यावरील कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. वसाहतीतील अशा कंपन्यांकडे अर्ज घेऊन कोण गेले?

परंतु मंजुरी येईपर्यंत पावसाळा थांबत नाही. त्या वस्तीतही भिंत सावरण्याची जबाबदारी आधी वस्तीचीच होती. खिज्र (अ.) यांनी वस्तीच्या वर्तनाचा हिशेब केला नाही, त्यांनी मुलांकडे पाहिले.

दुसरी शंका जकातीची. जकातीचे आठ हक्कदार कुरआनने ठरवून दिले आहेत आणि बहुसंख्य फुकहांच्या मते ती इमारतीच्या बांधकामावर खर्च करता येत नाही. म्हणून गरिबाचा हक्क त्याच्यापर्यंतच पोहोचू द्या. शाळेसाठी ऐच्छिक सदका आहे. मृत्यूनंतरही ज्याचे पुण्य थांबत नाही अशा तीन गोष्टी पैगंबर मुहम्मद (स.) यांनी सांगितल्या: सदका-ए-जारिया, लाभदायक ज्ञान आणि दुआ करणारी नेक संतती. शाळेच्या छपरात यातल्या पहिल्या दोन गोष्टी एकत्र येतात.

तिसरी शंका उघडपणे कोणी बोलत नाही: त्या वर्गात सर्व धर्मांची मुले बसतात, मग आधी आपली मशीद, आपला मदरसा नको का? मशिदीची सेवा थोर आहेच. पण आदरणीय उस्मान (र.) यांनी मदीनेतील रूमाची विहीर विकत घेऊन लोकांसाठी खुली केली, ती तहानलेल्याची ओळख विचारून नव्हे. शेजाऱ्याचा हक्कही इस्लामने धर्म पाहून ठरवलेला नाही.

म्हणून या उन्हाळ्यात, पहिल्या पावसाआधी, आपल्या गावच्या शाळेत एकदा जा. छत पाहा, भिंतीची चीर पाहा. सरकारकडे मागायचे ते लेखी मागा. जे आपल्या हातून होईल ते मुख्याध्यापक व समितीमार्फत, पावती घेऊन, नावाच्या पाटीचा आग्रह न धरता करा. खिज्र (अ.) यांनी उभारलेल्या भिंतीच्या मालकांना आपला उपकारकर्ता कोण, हे कदाचित कळलेही नसेल. अल्लाहला ते ठाऊक होते, आणि तेवढे पुरेसे होते.

अल्लाह आपणा सर्वांना याची सद्बुद्धी देवो. आमीन.