लोकांनी पाहिलेला दोष

रिचर्ड निक्सनच्या तोंडून कबुली काढायला सहा लाख डॉलर लागले, शिवाय नफ्यात वीस टक्के वाटा. देणारा डेव्हिड फ्रॉस्ट हा इंग्लंडमधला मुलाखतकार. लोकांना हसवणारा, पार्ट्यांत रमणारा, राजकारणात कच्चा समजला जाणारा. अमेरिकेतल्या मोठ्या वाहिन्यांनी दार लावून घेतलं, तेव्हा त्यानं उसनेपासने करून, जाहिरातदार गाठून हा जुगार उभा केला. १९७७च्या मार्च-एप्रिलमध्ये कॅलिफोर्नियातल्या समुद्रकाठच्या एका घरात अठ्ठावीस तासांहून जास्त चित्रीकरण झालं. मे महिन्यात पहिला भाग, वॉटरगेटचा, दाखवला गेला तेव्हा साडेचार कोटींच्या आसपास लोक टीव्हीपुढे बसले होते.

यावर पीटर मॉर्गननं २००६ साली नाटक लिहिलं आणि २००८ साली रॉन हॉवर्डनं 'फ्रॉस्ट/निक्सन' हा सिनेमा केला. नाटकातलेच दोघे नट सिनेमात आहेत, फ्रँक लँगेला आणि मायकल शीन. लँगेला निक्सनसारखा दिसत नाही, तरी अर्ध्या तासात आपण ते विसरतो. सिनेमा चांगलाच आहे, एखाद्या कुस्तीसारखा रंगतो. माझं कुतूहल मात्र कोण जिंकलं यापेक्षा वेगळ्या ठिकाणी अडकलं. पैसे घेऊन, दिवे लावून, कॅमेऱ्यापुढे दिलेली कबुली ही कबुली म्हणायची का?

आमच्याकडे या विषयाचा फार बारीक विचार झालेला आहे. गुरूपुढे आपला दोष सांगणं म्हणजे आलोचना. पण दोष सांगतानाही माणूस दोष करतो, हे जुन्या आचार्यांना पक्कं ठाऊक होतं. शिवार्यांच्या 'भगवती आराधने'त आलोचनेचे दहा दोष सांगितलेत. माणसाच्या लबाडीची इतकी नेमकी वर्गवारी मी दुसरीकडे वाचलेली नाही. त्यातला एक शब्दाकुलित. पाक्षिक किंवा सांवत्सरिक प्रतिक्रमणाच्या वेळी सगळे एकदम बोलत असतात, त्या गलबल्यात आपलाही दोष पुटपुटून घ्यायचा. म्हटलं तर सांगितला, आणि ऐकला कुणीच नाही. (क्षमावणीच्या दिवशी मोबाईलवर येणारे दीड-दोनशे तयार संदेश पाहिले की मला हाच शब्द आठवतो. ज्यांच्याशी भांडण आहे ते एक घर सोडून बाकी साऱ्या गावाची क्षमा मागून झालेली असते.)

निक्सननं एकट्यानंच हा गलबला उभा केला. सिनेमात फ्रॉस्ट पहिलाच प्रश्न टाकतो, त्या ध्वनिफिती तुम्ही जाळून का टाकल्या नाहीत? उत्तर सुरू होतं आणि संपतच नाही. आठवणी, किस्से, परराष्ट्र धोरण. फ्रॉस्टची माणसं बाजूच्या खोलीत डोकं धरून बसतात. ओघवतं बोलणं हे लपण्याचं उत्तम ठिकाण आहे, घरातही आणि व्यासपीठावरही.

पैशाचं मला एवढं वाटत नाही. पैसे घेऊनही माणूस खरं बोलू शकतो. मला जास्त खटकतो तो क्रम. निक्सननं ऑगस्ट १९७४मध्ये राजीनामा दिला आणि महिनाभरात, ८ सप्टेंबरला, त्याच्या जागी आलेल्या जेराल्ड फोर्डनं त्याला संपूर्ण माफी देऊन टाकली. खटला नाही, शिक्षा नाही. आमच्याकडे आधी आलोचना, मग गुरू देईल ते प्रायश्चित्त. इथे माफी आधी आली आणि कबुली तीन वर्षांनी, तीही मानधन घेऊन. फोर्ड म्हणे आपल्या पाकिटात १९१५ सालच्या एका न्यायालयीन निकालाचं कात्रण बाळगत असे. माफी स्वीकारण्यात अपराधाची कबुली आलीच, अशा अर्थाचं ते होतं. बिचाऱ्याला स्वतःची समजूत घालायला कागद लागत होता.

आता गंमत बघा. माफी खिशात असताना निक्सनला भ्यायचं कारण काय होतं? 'होय, मी गुन्हा केला' म्हटलं असतं तरी कुणी तुरुंगात टाकणार नव्हतं. तरी ते वाक्य त्याच्या तोंडून आलं नाही. मी देशाला दगा दिला, मित्रांना निराश केलं, हे ओझं जन्मभर वाहीन, असं सगळं तो म्हणाला. चुका झाल्या म्हणाला. बेकायदा लपवाछपवीत सामील होतो असं मात्र म्हणाला नाही. म्हणजे जीभ अडते ती शिक्षेच्या भीतीनं नव्हे. पुढेमागे आपणच आपलं नाव घेऊ तेव्हा त्याला कुठलं विशेषण लागेल, याची ती भीती असावी. डोळ्यांत पाणी आणणं त्या मानानं सोपं.

सिनेमावाल्यांनाही हे एवढंसं पुरलं नसावं. त्यांनी एक प्रसंग घातला: मध्यरात्री प्यायलेला निक्सन फ्रॉस्टला फोन करतो आणि मनातली सगळी जळजळ ओकतो. सिनेमातला हा सर्वांत चांगला प्रसंग, आणि तो घडलेलाच नाही. नाटककाराला तेवढी मोकळीक असते, मान्य. पण त्यामुळे प्रेक्षक थोडे समाधानी होऊन उठतात. खऱ्या निक्सननं जे उघडलं नाही ते लँगेलानं उघडून दाखवलं, आणि आपल्याला वाटतं, भरून पावलो. दुसऱ्याच्या पश्चात्तापाची आपल्याला भूक असते. तो त्याच्या भल्यासाठी हवा असतो की आपल्या करमणुकीसाठी, हे दर वेळी नीट सांगता येत नाही.

त्या दहांतला आणखी एक दोष 'दृष्ट'. जो दुसऱ्यांनी पाहिला, तेवढाच सांगायचा. वॉटरगेट फितींवर होतं, सगळ्या अमेरिकेनं पाहिलं होतं. कंबोडियावर १९६९पासून गुपचूप टाकलेल्या बॉम्बचा विषय मुलाखतीत निघतो, सिनेमातही निघतो, आणि निक्सन तो सहज परतवून लावतो. तिथे मेलेली माणसं अमेरिकन मतदार नव्हती. १९७१चंही तसंच. ढाक्याचे अमेरिकन महावाणिज्यदूत आर्चर ब्लड यांनी एप्रिलमध्ये वॉशिंग्टनला निषेधाची तार पाठवली, पूर्व बंगालमधल्या कत्तलीकडे डोळेझाक होते आहे म्हणून. त्यांची तिथून बदली झाली. डिसेंबरात सातवं आरमार बंगालच्या उपसागराकडे निघालं. आमच्या बेळगावात मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र, तिची पलटण तेव्हा जमालपूरला लढत होती. त्यामुळे त्या आरमाराची गोष्ट आमच्याकडे कुणाला इतिहासाच्या पुस्तकातून शिकावी लागली नाही.

निक्सन १९९४मध्ये गेला. २००५ साली आणखी कागद खुले झाले, त्यात त्यानं आणि हेन्री किसिंजर यांनी इंदिरा गांधींना आणि एकूण भारतीयांना दिलेल्या शिव्या होत्या. किसिंजर हयात होते. त्यांनी खेद व्यक्त केला, इंदिराबाईंबद्दल आपल्याला आदरच होता असं सांगितलं. त्या दहांत 'सूक्ष्म' नावाचाही एक दोष आहे: लहानसा दोष मोकळेपणानं सांगायचा, म्हणजे ऐकणाऱ्याला वाटावं, जो एवढंसंही लपवत नाही तो मोठं काय लपवणार. किसिंजर यांचा खेद शब्दांबद्दल होता. पूर्व बंगालच्या माणसांविषयी त्यात काही नव्हतं.