उसनी उंची

कांहीं वर्षांपूर्वीं अमेरिकेंत मुलीकडे राहावयास गेलों असतां शेजारच्या नव्या घराचें काम पाहण्याचा मला छंदच लागला. तेथें छताला जिप्समच्या फळ्या ठोकतात, त्यांच्या सांध्यांवर कागदी पट्टी बसवून वरून लेप देतात, आणि तो वाळला म्हणजे घासून गुळगुळीत करतात. पुष्कळदां हें काम करणारा कारागीर परांची बांधीतच नाहीं. दीड-दोन फूट उंचीच्या अॅल्युमिनियमच्या पायकाठ्या तो पोटऱ्यांना आवळून बांधतो व लेप देत छताखालून चालत जातो.

एक तरुण ही विद्या नुकतीच शिकत होता. प्रथम त्याला रिकाम्या हातांनीं भिंतीच्या कडेनें चालविलें. पाऊल घासावयाचें नाहीं, उचलून टाकावयाचें, हा पहिला पाठ. मग हातीं थापी आली. दृष्टि छताकडे लागली, आणि पाय कोठें पडतो हें दिसेनासें झालें. इतक्यांत थापी निसटली. वांकून ती उचलणें त्याला शक्य नव्हतें; जमीन झाडणाऱ्या सोबत्यानें ती उचलून दिली.

जो वर चढला तो स्वतंत्र झाला, अशी आपली सामान्य समजूत आहे. येथें मला उलट दिसलें. जो खडा त्यानें एरवीं पायानें उडविला असता, तोच आतां त्याला पाडूं शकत होता. त्या देशाच्या १९९६ सालच्या परांचीविषयक नियमांतही हेंच तत्त्व आहे: पायकाठ्या वापरावयाची जागा सपाट व केरकचऱ्यावांचून असावी, आणि परांचीला कठडा असेल तर त्याची उंची काठ्यांइतकी वाढवावी. म्हणजे उंचीबरोबर आधाराची गरजही वाढते.

यावर कोणी म्हणेल, झाडणाराला मजुरी मिळते; हिशेब तेथेंच मिटला. केराचा हिशेब मिटतो, हें खरें. परंतु ज्या विश्वासानें वरचा माणूस जमिनीवरून दृष्टि काढून घेतो, त्या विश्वासाची मजुरी कोणत्या वहींत मांडावयाची?

माझे थोरले बंधु सातवींतून शाळा सोडून शेतीला लागले, म्हणून मी कॉलेजांत गेलों. पुढें मीं नियमितपणें पैसे पाठविले व ऋण फिटलें असें मानलें. सुटींत घरीं गेलों कीं दादा पावसापाण्याच्या गोष्टी काढीत, आणि मी पुस्तक उघडून बसत असें. अपमान करण्याचा हेतु नव्हता. माझी दृष्टि छताकडे लागली होती, इतकेंच.

त्या दिवशीं संध्याकाळीं तो तरुण एका उंच बांकावर टेकला, पट्टे सोडून खालीं उतरला, आणि सोबत्याच्या हातची केरसुणी घेऊन त्यानें उरलेली खोली स्वतः झाडली. दोघे कांहीं बोलून हसले. मी खिडकींतून पाहत होतों. दादांना जाऊन तेव्हां तीन वर्षें झालीं होतीं.