किल्ली कोणाच्या हाती?

बास्केटबॉलचा जन्म झाला तो बंदिस्त दालनामुळे. 1891च्या डिसेंबरात, अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डमध्ये, थंडीने आत कोंडलेल्या तरुणांना गुंतवून ठेवील असा खेळ जेम्स नेस्मिथ यांना हवा होता. पुढे 1898मध्ये ते कॅन्सस विद्यापीठात आले. तिथल्या ॲलन फील्डहाउस या क्रीडागृहातल्या मैदानाला त्यांचं नाव आहे. इमारतीला त्यांचे शिष्य फॉग ॲलन यांचं.

ही इमारत उभी राहिली तीच मुळी ‘बहुउद्देशीय’ म्हणून. कोरियन युद्धामुळे पोलादावर नियंत्रण होतं, निव्वळ खेळासाठी ते मिळणं कठीण. मग आराखड्यात लष्करी प्रशिक्षणासाठी शस्त्रागाराची सोय घातली गेली आणि पोलाद मोकळं झालं. 1 मार्च 1955 रोजी दारं उघडली. आपल्याकडेही मंजुरीच्या कागदांवर ‘बहुउद्देशीय’ हा शब्द असतो. कॅन्ससमध्ये तो नंतर खराही ठरला, म्हणून मला ही वास्तू मोलाची वाटते. बास्केटबॉलचं लाकडी मैदान मधोमध आणि त्याच्याभोवती धावपटूंसाठी मातीची पट्टी, अशी रचना कैक वर्षं होती. सत्राच्या सुरुवातीला विद्यार्थी विषयनोंदणीसाठी इथेच रांगा लावत.

आणि 18 मार्च 1968. अध्यक्षपदाची उमेदवारी जाहीर करून दोनच दिवस झालेले रॉबर्ट केनेडी इथे विद्यार्थ्यांसमोर उभे राहिले. देशाचं एकूण उत्पादन मोजताना सिगारेटच्या जाहिराती आणि तुरुंगसुद्धा जमेत धरले जातात. मुलांचं आरोग्य, त्यांच्या खेळातला आनंद मात्र त्या आकड्यात येत नाही, असं त्यांनी सांगितलं. खेळाच्या मैदानावर, गच्च भरलेल्या गर्दीत ते बोलले, हे मला महत्त्वाचं वाटतं. विद्यापीठात प्रत्येक विभागाला आपापली इमारत असते. रसायनशास्त्राची मुलगी आणि इतिहासाचा मुलगा एका छपराखाली येतील, विद्यापीठ स्वतःला एकत्र पाहील, अशी जागा सहसा एकच असते.

अशा दालनात सगळंच चांगलं होतं असं नाही. व्याख्यानाला तिथला आवाज घुमतो, आणि पायऱ्या, खुर्च्या हलवताना लाकडी तळाला चरे पडतात. धावण्याची पट्टी पुढे तिथूनही हललीच. खेळाडूंच्या सोयीचं ते झालं, तरी मला त्याची चुटपुट लागते.

आपल्या क्रीडागृहांचा माझा अनुभव वेगळा आहे. जाळं गुंडाळून ठेवलेलं, परीक्षेची बाकं मांडलेली, नाहीतर प्रदर्शनासाठी मंडप घातलेला. परीक्षा घ्यायलाच हव्यात आणि देखभालीला पैसाही लागतो, हे मान्य. पण भाड्याची पावती फाइलला लागते, आणि संध्याकाळी रॅकेट घेऊन आलेली चार मुलं कुलूप पाहून परत गेली याची नोंद कुठेच होत नाही. वसतिगृहातल्या मुलींना तर अंधार पडल्यावर खेळायला दुसरी सुरक्षित जागा बहुधा नसते. तेव्हा परीक्षेचे दिवस सोडून रोज पाच ते नऊ हे दालन विद्यार्थ्यांचं असावं, अर्ज आणि शुल्काशिवाय, आणि त्या वेळेत ते कोणालाही भाड्याने देऊ नये. किल्ली विद्यार्थ्यांच्याच क्रीडा समितीकडे असावी. दिवे कोणी लावले, कोण किती वेळ खेळलं, याची वही त्यांनीच ठेवावी.