सोसणे हाच बाईचा धर्म काय?

देहू-आळंदीच्या सभोवती आता पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण असा कारखान्यांचा पट्टा पसरला आहे. दूरदूरची जोडपी येथे येऊन एका खोलीत संसार मांडतात. त्या खोलीतले एक दुःख कीर्तनात कोणी काढीत नाही, म्हणून आम्ही ते येथे काढतो.

बाईला दिवस जातात. दवाखान्यात इतर तपासण्यांबरोबर एचआयव्हीचीही होते, आणि रोग निघतो. नवऱ्याने तपासून घेतलेलेच नसते. कळले आधी तिला, म्हणून ‘तूच आणलास’ हा बोल तिच्या माथी, आणि मागोमाग मार. अहो, तपासणी रोग आहे एवढेच सांगते. तो कोणी आणला हे सांगत नाही. पुण्यात १९९३ ते १९९६ या काळात गुप्तरोगांच्या दवाखान्यांत आलेल्या, वेश्याव्यवसायात नसलेल्या बायका तपासल्या, त्यांत १३.६ टक्के जणींना हा संसर्ग निघाला. त्या गटातल्या बहुतेक लग्नाच्या बायका होत्या.

औषध २००४ पासून सरकारी केंद्रांत फुकट मिळू लागले. पिंपरीच्या यशवंतराव चव्हाण रुग्णालयातही ते मिळते. रोज नेमाने घेतले तर रक्तातला विषाणू इतका दबतो की शरीरसंबंधातून तो दुसऱ्याला लागत नाही. नेम मोडला की तो उसळतो, पुढे औषधालाही दाद देत नाही. मग ज्या घरात गोळ्या फेकून देतात, दवाखान्याच्या दिवशी बाईला कोंडतात, तेथे मार अंगावरच्या वळाशी थांबत नाही.

अशा बाईला आपणच सांगतो, ‘सोस बाई, बहिणाबाईंनी नाही का सोसले?’ हा दाखला आम्हांस उलटा वाटतो. नवऱ्याने मारले हे बहिणाबाईंनी झाकले नाही. स्वतःच्या अभंगांत स्पष्ट लिहून ठेवले. मार खाऊन त्या संत झाल्या, असे म्हणणे म्हणजे मारणाऱ्याला गुरुपद देणे होय!

घरातल्या छळाविरुद्ध २००५ चा कायदा आहे. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने अशा बाईला राहत्या घरातून काढता येत नाही. १८१ वर फोन केला तर मदत मिळते. पण पहिला शब्द ती बहुधा शेजारणीशीच बोलते. ते बोलणे तिसऱ्या कानी जाऊ देऊ नये. आणि गोळ्यांची बाटली घरी ठेवायची सोय नसेल, तर त्या माउलीने ती आपल्या देव्हाऱ्यामागे ठेवून घ्यावी.